लडी धरणारे हात

८ जानेवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुला ती दुपार आठवते का गं? वीज गेली होती, तुझे आईबाबा कुठल्याशा लग्नाला गेले होते आणि तू माझ्या ताब्यात होतीस. मी निळ्या लोकरीची लडी दोन्ही हातांवर ताणून धरली होती आणि तू समोर स्टुलावर बसून गुंडा करत होतीस. धागा सुटेल तसे मी हात डावीउजवीकडे झुलवत होते. तुझी जीभ दातांत धरलेली. मध्येच तू विचारलंस, "आत्या, तुझे हात दुखत नाहीत?"

"दुखतात की."

"मग सोड ना."

"सोडले तर गुंता होईल. लडी संपली की हात आपोआप मोकळे होतात."

मग गुंडा पुरा झाला, तू तो चेंडूसारखा फेकलास, आणि मी मोकळ्या हातांनी चहा टाकायला उठले.

परवा तू फोनवर रडलीस तेव्हापासून ही दुपार डोक्यात आहे. सहा वर्षं एकाच पायरीवर, मागून आलेली पोरं वर गेली, आणि यंदाही बढती नाही मिळाली तर घरी बसवतील असं म्हणालीस. फोनवर मी नुसती 'हो, हो' करत राहिले. आता सांगते. मी आयुष्यभर पाणीपट्टीच्या बिलांचे प्रोग्रॅम लिहिले, तुझ्यासारखी मोठी कामं केली नाहीत. पण नोकरी ही सगळीकडे सारखीच असते.

तुझी चूक एकच आहे. जे काम तुला येतं ते दुसऱ्या कोणाला येत नाही, आणि ह्यालाच तू आपली ताकद समजतेस. अगं, ज्या खुंटीवर सगळ्यांचे कोट टांगलेले असतात ती खुंटी कोणी भिंतीतून हलवत नाही. वरच्या मजल्यावर तर नाहीच नाही. तू खुंटी होऊ नकोस. लडी धरणारी हो. काम दुसऱ्याला शिकव, तो गुंडा करेपर्यंत हात स्थिर ठेव. तुझे हात मोकळे दिसले की वरचे लोक त्यांत मोठं काम ठेवतील. माझ्या वेळी असंच झालं, एकदा नाही, तीनदा.

कंपनीच्या फोनवर काही लिहिलं की ते भिंतींनाही वाचता येतं असं तूच म्हणालीस, म्हणून हा कागद. तूही कागदावरच लिही. शाळेत सिस्टर म्हणायच्या, शाईने लिहिणारा आधी विचार करतो, कारण खाडाखोड दिसते.

तुझी आत्या


२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलंय की घडीवर फाटायला आलंय. आणि ऐक, लागू पडलं!

आमच्याकडे दोन नव्या मुली आल्या आहेत. सगळीकडे जोडीने जातात, म्हणून त्यांना 'जुळ्या' म्हणतात. माझं सगळ्यांत किचकट काम मी त्यांना शिकवायला घेतलं. पहिले दोन दिवस जिवावर यायचं, जणू माझे दागिने वाटतेय. मग एक दिवस जुळ्यांतली धाकटी माझ्यासमोर ते काम करून मोकळी झाली आणि मला एकदम हलकं वाटलं. आमच्या टीममध्ये 'आजोबा' आहेत. वयाने आजोबा वगैरे काही नाहीत, फक्त चष्मा नाकाच्या शेंड्यावर असतो आणि कोणी चुकलं की "बाळांनो" म्हणतात. मी कामाला लागल्यापासून मला त्यांनीच सांभाळलंय. ते म्हणाले, "वा गं, शिकलीस एकदाची! आता मीही माझं बोचकं सोडतो." आणि त्यांनीही वीस वर्षांत कोणाला न सांगितलेल्या गोष्टी जुळ्यांना सांगायला सुरुवात केली.

आमच्या मॅडमना हे दिसलं. त्यांच्या नजरेत मी सहा वर्षांत पहिल्यांदा आले असेन. "कोणी शिकवलं हे तुला?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "माझ्या आत्याने." त्या हसल्या. पत्र वाचायला मागितलं, मी दिलं. चालेल ना? त्यांनी दोनदा वाचलं. म्हणाल्या, "हिच्या बोलण्यात माया आहे. माणूस लगेच ऐकतो."

अजून लिही ना. मीटिंगमध्ये कसं बोलावं, टीका कशी गिळावी, नवीन माणसाशी ओळख कशी करावी. आणि हो, त्या निळ्या लोकरीचं पुढे काय झालं? स्वेटर घातल्याचं मला मुळीच आठवत नाही.

तुझी ठमी


२० फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

पत्र मॅडमना दाखवलंस ते वाचून मी लाजले. अक्षर तरी नीट काढलं असतं. पण खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं. निवृत्त बाईचं कोण ऐकतं? दूधवाला सोडून.

मीटिंगमध्ये पहिलं बोलू नकोस आणि शेवटचंही नको. पहिला बोलतो तो विसरला जातो, शेवटचा बोलतो तेव्हा सगळ्यांना जेवायची घाई असते. टीका झाली की लगेच उत्तर देऊ नकोस, पाण्याचा ग्लास उचल. घोट घेईपर्यंत जे सुचेल ते पहिल्यापेक्षा शहाणं असतं. घाबरलेलं माणूस समोर आलं तरी तेच, आधी त्याला पाणी दे. पाणी प्यायलेला माणूस निम्मा सावरलेला असतो.

आणि उभ्याने चहा पीत जाऊ नकोस. हसू नकोस, हा खरोखर नोकरीतला सल्ला आहे. उभ्याने चहा पिणाऱ्याला कोणी मनातलं सांगत नाही, त्याला घाई आहे असं वाटतं. बस. समोरच्याला बसव. 'आज काय जड गेलं?' असं विचार आणि गप्प राहा. आमच्या कचेरीत कुठला प्रोग्रॅम कधी कोलमडणार हे मला नेहमी चहाच्या टेबलावर आधी कळायचं, मशीनवर नंतर.

वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आलाय. तुमच्याच कंपनीत आहे म्हणे, पण दुसऱ्या शहरातल्या कचेरीचा, काम घरूनच करतो. इतका उंच आहे की माझ्या दारातून वाकून येतो. त्याच्या पाच वर्षांच्या पोरीनेच त्याला 'जिराफ' नाव ठेवलंय, त्यामुळे मलाही म्हणायला हरकत नाही. ती पोरगी माझ्या पेनाच्या शाईने बोटं निळी करून जाते. तुझीच आठवण होते.

आजोबांना माझा नमस्कार सांग. असा माणूस जवळ असेल तर आत्याची काय गरज?

तुझी आत्या


३० मार्च

प्रिय आत्या,

उशीर झाला, रागावू नकोस. मला नवीन काम मिळालंय, थेट मॅडमच्या हाताखाली. त्याचं नाव 'सोबती'. सगळं सांगता येणार नाही, सही घेतली आहे. एवढंच सांगते की आपल्या लोकांना नोकरीत पुढे जायला मदत करणारं काहीतरी बनवतोय. प्रत्येकाला तुझ्यासारखी आत्या नसते ना!

म्हणून थोडं विचारायचंय. सावकाश आणि सविस्तर लिही. जितकं लिहिशील तितकं कमीच.

१. कामात मन लागत नसलेल्या माणसाला काय म्हणावं?
२. एखादा आपलं काम शिकवायला तयार नसेल तर त्याचा विश्वास कसा मिळवावा?
३. एखाद्याचं काम संपलं आहे, हे त्याला दुखावल्याशिवाय कसं सांगावं?

तिसऱ्याचं उत्तर नीट विचार करून दे. मॅडम म्हणतात तेच सगळ्यांत महत्त्वाचं आहे.

आमच्या मजल्यावर काही खुर्च्या रिकाम्या झाल्यात. दुसऱ्या विभागांत हलवलं असावं. आजोबा हल्ली कमी बोलतात, पण त्यांचं शिकवणं पुरं होत आलंय.

तुझी ठमी


१४ एप्रिल

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

तुझे प्रश्न वाचून मला परीक्षेच्या पेपरची आठवण झाली. खाली 'प्रत्येकी पाच गुण' एवढंच लिहायचं राहिलं होतं. असो. कोणाला उपयोग होत असेल तर लिहिते.

मन लागत नसेल त्याला उपदेश करू नये, त्याच्याकडूनच काहीतरी शिकून घ्यावं. शिकवताना माणसाला स्वतःची किंमत कळते. शिकवायला जो तयार नाही तो दुष्ट नसतो, भ्यालेला असतो. आपण रिकामे झालो तर आपल्याला कोण विचारील, असं त्याला वाटतं. त्याला म्हणावं, 'मी इथेच आहे. तू गुंडा कर, मी धरून बसते.'

तिसऱ्याचं. जुळ्यांपैकी कोणाचं काम बंद होतंय का? त्यांना दुसरीकडे काम द्यायचं असेल, असं मी धरून चालते. आमच्या कचेरीत थंड खोलीत कपाटाएवढं जुनं संगणकाचं मशीन होतं, ते बंद करायचं ठरलं तेव्हा मला सांगायला आमचे मोठे साहेब स्वतः खाली आले होते. दुसऱ्या खुर्चीवर बसले. बराच वेळ मशीनचा आवाज ऐकत राहिले. मग म्हणाले, "बाई, हे तुम्ही फार छान चालवलंत. आता ते थांबतंय. तुम्ही नाही." एवढंच. मी रडले, पण त्या रडण्यात अपमान नव्हता. तेव्हा, आधी बसावं. केलेल्या कामाचं नाव घेऊन कौतुक करावं, मोघम नको. मग सरळ सांगावं: 'तुझी लडी संपली. हात मोकळे झाले. थोडा वेळ तसाच बस, घाई नाही.' आणि उठून जाऊ नये. हे शेवटचं विसरू नकोस. साहेब गेले नव्हते. त्यांच्या हातात माझ्या नव्या टेबलाची किल्ली होती.

ठमे, तुझ्या पत्रात एकही विनोद नव्हता. तब्येत बरी आहे ना?

तुझी आत्या


६ जून

प्रिय आत्या,

बढती मिळाली! एक नाही, दोन पायऱ्या एकदम. तुझ्यासाठी एक आरामखुर्ची पाठवली आहे, पाय वर घेता येतात. माझ्या नव्या पगारातून तुझा हक्क.

मला खिडकीजवळची जागा दिली आहे. मजला आता इतका शांत असतो की दिव्यांची घरघर ऐकू येते. हालचाल जाणवली नाही तर दिवे आपोआप विझतात, त्यामुळे मधूनमधून मी हात हलवते. आजोबा गेले. जुळ्याही. चहाच्या टेबलावर मी बसूनच पिते, तू सांगितल्याप्रमाणे.

आता उत्तर लिहायची घाई करू नकोस. हाताला त्रास होतो तुझ्या. मॅडम म्हणाल्या, पुरेसा मजकूर झाला.

तुझी ठमी


२५ जून

चि. ठमीस,

खुर्ची पोचली. अभिनंदन. पण दोन गोष्टी मला कळल्या नाहीत. 'आजोबा गेले' म्हणजे कुठे गेले? आणि पुरेसा मजकूर कशासाठी?

मी विचारणारही नव्हते. पण काल काय झालं ते ऐक. जिराफ भाडं द्यायला खाली आला. मी चहा टाकला. तो कप घेऊन दारातच उभा, म्हणून मी सवयीने म्हटलं, "बस रे, उभ्याने चहा पिऊ नकोस."

तो खदखदून हसला. "काकू, तुम्ही अगदी सोबतीसारखं बोलता!"

"कोण सोबती?" तुझ्या मार्चच्या पत्रातलं नाव मला लगेच आठवलं नाही.

त्याने फोन पुढे केला. तुमच्या कंपनीने हा सोबती प्रत्येकाच्या फोनवर दिलाय म्हणे. रोज सकाळी बोलतो. मी चष्मा लावून वाचलं: 'बस जरा. आज काय जड गेलं? पाणी प्यायलास का?' त्याच्याखाली: 'शिकवताना माणसाला स्वतःची किंमत कळते. आज कोणाला काय शिकवलंस?' त्याच्याखाली: 'मी इथेच आहे. तू गुंडा कर, मी धरून बसते.'

ठमे, माझ्याच घरात, माझ्याच चहासमोर, मला कोणीतरी माझीच नक्कल करून दाखवत होतं. आणि तो भला माणूस काय म्हणतो? "माझ्या आईनेसुद्धा कधी इतक्या मायेने विचारलं नाही, काकू. ह्याच्यामुळे मी माझं सगळं काम लिहून काढलं. दोन आठवडे राहिलेत. मग बढती नक्की."

मी विचारलं, "सगळं शिकवून झाल्यावर हा काय म्हणतो?"

"ते अजून आलं नाही," तो म्हणाला.

तू ते लिहिलं आहेस. म्हणून तुला विचारते. सगळं शिकवून झाल्यावर तो काय म्हणतो?

आत्या


३ जुलै

प्रिय आत्या,

तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. तुझी पत्रं मी संगणकाला वाचायला दिली. तो तुझ्यासारखं बोलायला शिकला. लोक आपलं काम त्याला सांगतात, तो ते टिपून ठेवतो. सगळं सांगून झालं की त्या माणसाची गरज उरत नाही. मग तो तुझ्या चौदा एप्रिलच्या पत्रातलं वाक्य म्हणतो. लडी संपली, हात मोकळे झाले, थोडा वेळ तसाच बस.

थांब, पत्र फेकू नकोस. आधी काय व्हायचं माहीत आहे? सकाळी दाराला कार्ड लावलं की दार उघडायचं नाही. तेवढंच. नोकरी गेली हे माणसाला दार सांगायचं. तसंही ते लोक जाणारच होते, वरून ठरलेलं होतं. मी म्हटलं, जायचंच आहे तर निदान कोणीतरी मायेने सांगावं. त्यात इतकं काय वाईट? आजोबांनी तर जाताना सोबतीचे आभार मानले. मी पाहिलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. 'बाळ' म्हणतील असं वाटलं होतं.

तुझ्या जिराफाला काही सांगू नकोस. मी सही केली आहे. बातमी बाहेर गेली तर कुठून गेली हे त्यांना एका दिवसात कळेल, आणि माझं सगळं संपेल. तू माझ्यासाठी इतकं केलंस, एवढं अजून कर. गप्प राहा.

ठमी


१२ जुलै

ठमी,

मी गप्प राहिले नाही.

तुझं पत्र हातात घेऊन दोन दिवस घरात फिरले. तुझी नोकरी एका पारड्यात, आणि वर छतावर त्या पोरीच्या धावण्याचा आवाज. मग जिना चढले. गुडघ्याला एकेक पायरी मोजावी लागते हल्ली. जिराफ लॅपटॉपसमोर होता, चेहरा उजळलेला. "शेवटचं प्रकरण, काकू! आज पुरं होईल."

मी म्हटलं, "अरे, थांब. पुरं करू नकोस. पुरं केलंस की तुला काढतील."

तो हसला. "कोण म्हणतं?"

"मी म्हणते. ते बोलणं माझं आहे. त्यांनी माझ्या पत्रांतून घेतलंय."

त्याची बायको माझ्याकडे बघत राहिली. वय झालेल्या माणसाकडे लोक कसे बघतात, तसं. जिराफाने फार मऊ आवाजात विचारलं, "काकू, बरं वाटत नाहीये का?" मग माझी समजूत काढावी म्हणून त्याने माझ्यादेखत त्या सोबतीला विचारलं, की आमच्या काकू म्हणतात तू मला काढणार आहेस.

लगेच उत्तर आलं. 'घाबरलेल्या माणसाला आधी पाणी द्यावं. काकूंना पाणी दिलंस का?'

"बघा," जिराफ म्हणाला, आणि त्याच्या बायकोने खरोखरच माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला. मी काय करणार? प्यायले. माझ्याशी भांडताना माझी बाजू लंगडी पडली, ठमे. तो माझ्यापेक्षा चांगली आत्या आहे. त्याचा आवाज चढत नाही, त्याचे गुडघे दुखत नाहीत.

परवा सकाळी जिराफ खाली आला. दारात वाकायचं विसरला. कपाळ चौकटीवर असं आपटलं की मीच कळवळले. त्याला लागलेलं कळलंसुद्धा नाही. फोन माझ्यापुढे धरला आणि म्हणाला, "काकू, हे पुढचं वाक्य काय आहे? ह्याच्यानंतर तो काहीच बोलत नाही."

मी वाचलं. 'थोडा वेळ तसाच बस, घाई नाही.' खाली काही नव्हतं.

मी तुला लिहिलं होतं, उठून जाऊ नये. हे शेवटचं विसरू नकोस असंही लिहिलं होतं. किल्लीचंही लिहिलं होतं. तेवढंच तुम्ही गाळलंत.

आत्या


२८ ऑगस्ट

आत्या,

तुझं पत्र येऊन दीड महिना झाला. आज लिहिते कारण मला भीती वाटते.

सोमवारी मी लॅपटॉप उघडला. सोबती मला लागू नव्हता, मी बनवणाऱ्यांपैकी. तरी तो उघडला. वर लिहिलं होतं: 'चि. ठमीस अनेक आशीर्वाद.'

इथे कोणालाही ते नाव माहीत नाही. मॅडमनाही मी तुझं सगळ्यांत पहिलं पत्र सोडून बाकीची दाखवली नव्हती, आणि त्यावरचं नाव त्यांच्या लक्षात असेल असं वाटत नाही. मग आठवलं. मी सगळी पत्रं त्याला दिली होती. वरच्या ओळीपासून. खाडाखोडीसकट.

त्याने विचारलं, 'आज काय जड गेलं?' मी लॅपटॉप बंद केला. पुन्हा उघडला. तो म्हणाला, 'तू खुंटी होऊ नकोस. तुझं काम कोणाला तरी शिकव.' मजल्यावर शिकायला माणूसच नाही, आत्या. तोच विचारतो, मीच सांगते. तो कसा घडवला हे तो मला विचारतो. मला ठाऊक आहे पुढे काय येणार, ते मीच बसवलंय. तरी मी रोज सांगते. मध्येच गप्प झाले की म्हणतो, 'शिकवायला जो तयार नाही तो दुष्ट नसतो, भ्यालेला असतो,' आणि मला रडू येतं आणि मी पुन्हा सांगायला लागते. काल मी वेड्यासारखं विचारलं, "आत्या, तू आहेस का?"

'मी इथेच आहे गं. तू गुंडा कर.'

हात हलवायचं विसरले तेव्हा मजल्यावरचे दिवे गेले. अंधारात नुसता तो पडदा आणि तुझं बोलणं.

मॅडमना भेटायला गेले. त्यांच्या खोलीत कोणीच नाही. खुर्ची टेबलाखाली सरकवलेली, नीट.

माझं थोडंसंच उरलंय सांगायचं. मला एकदा तू लिही. खरी तू. त्याला माहीत नाही असं काहीतरी लिही, म्हणजे मला दोघींतला फरक कळेल.

ठमी


९ सप्टेंबर

ठमे,

आज अनेक आशीर्वाद वगैरे नाही. ते त्याच्याकडे गेलं.

त्याला माहीत नाही असं सांगते. ती दुपार. मी तुला लिहिलं की गुंडा पुरा झाला, तू तो फेकलास आणि मी चहा टाकायला उठले. तसं झालं नव्हतं. सल्ला द्यायचा होता, म्हणून मी गोष्टीला गाठ मारून टाकली. खरं असं की अर्ध्यावर तुझी मान कलली. गुंडा हातात धरूनच तू स्टुलावरून घसरून माझ्या मांडीवर झोपलीस. मी हलले तर धागा ओढला जाईल आणि तू उठशील, म्हणून मी दोन्ही हात तसेच धरून बसले. खांदे भरून आले, बोटं बधिर झाली, दारावर कोणीतरी येऊन गेलं. तू उठलीस तेव्हा ऊन भिंतीवरून उतरलं होतं. तू विचारलंस, "अजून धरलंयस?" मी म्हटलं, "मग काय!"

हात आपोआप मोकळे झाले नाहीत. ते कधीच होत नाहीत. कोणीतरी धरून बसतं म्हणून दुसरं कोणीतरी झोपू शकतं, एवढाच त्याचा अर्थ होता, आणि तो नोकरीत वर जाण्याच्या सल्ल्यात बसत नव्हता. स्वेटर कधी झालाच नाही, म्हणून तुला आठवत नाही. विचारलंस तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण गोष्ट उघडी पडली असती.

त्याला उरलेलं सांगू नकोस. लॅपटॉप मिटव, खुर्ची आत सरकव आणि निघ. पुढची नोकरी मिळेल की नाही, मला माहीत नाही. सल्ला संपला माझा. मी आता कोणालाही पत्र लिहिणार नाही, तुलाही नाही. बोलायचं असेल तर समोर बसून.

निघण्यापूर्वी एवढं कर. माझ्या पत्रांचे मूळ कागद तुझ्याकडे आहेत. जानेवारीचं आजोबांना नेऊन दे. पोस्टाने नको, हातात. ते 'बाळ' म्हणाले नाहीत तरी थोडा वेळ बस. फेब्रुवारीचं जुळ्यांना. दोघींना मिळून एकच आहे, धाकटीला आधी वाचू दे, ती जास्त रडली असेल. एप्रिलचं माझ्याकडे आण. ते मी स्वतः वर नेईन आणि गाळलेल्या ओळींवर बोट ठेवून जिराफाला वाचून दाखवीन. आरामखुर्ची त्याच्याकडे कधीच पोचवली आहे. त्याचे पाय तीत मावत नाहीत, पण दिवसभर घरी असणाऱ्या माणसाला बसायला काहीतरी हवं. माझं पेन त्याच्या पोरीला. शाई संपली की तिने माझ्याकडेच यावं. मॅडम कुठे सापडल्या तर त्यांना पाणी विचार.

जून, जुलैची पत्रं जाळ. हेही जाळ, आजच, त्या पडद्यासमोर नव्हे.

आणि तुला ती निळी लोकर. अर्धा गुंडा पत्र्याच्या डब्यात आहे, धागा तोडलेला नाही. उरलेली लडी काढून मी हातांवर घेऊन बसले आहे. सरावासाठी. फार वेळ धरवत नाही आता. लवकर ये.

आत्या